उंबऱ्याखालचं उपडं वाडगं

निप्पूरच्या कुंभारआळीत कोमिशइतकी जळकी बाई दुसरी नव्हती, आणि हे तिच्या तोंडावर म्हटलं तरी तिला राग यायचा नाही. उलट कमरेवर हात ठेवून म्हणायची, "जळते तर जळते! तुमच्या घरचं सरपण तर लागत नाही ना त्याला?" लहानपणी धाकट्या बहिणीच्या कानात चांदीचे डूल घातले, तर हिनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. शेजारणीच्या तंदुरातली भाकरी टम्म फुगली की हिच्या पोटात दुखायचं. दुसऱ्याचं बरं झालेलं तिला बघवायचंच नाही. काही लोकांना उन्हाचा त्रास होतो, कोमिशला लोकांच्या सुखाचा व्हायचा, आणि दोन्हीला औषध नाही.

पण हात सोन्याचे होते, हे कबूल करायलाच हवं. नवरा अफरा चाक फिरवायचा, तरी वाडगी कोमिशच्याच हातची. खबार कालव्याच्या काठची माती ती स्वतः चाळायची, तुडवायची, चिमटीत घेऊन जिभेला लावून बघायची. तिची वाडगी भाजून आव्यातून काढली की टणटण वाजायची, आणि आतून अशी गुळगुळीत, की बोरू कुठे अडायचा नाही. म्हणूनच मंत्र लिहिणारा बेरीखबाबा दुसऱ्या कुणाची वाडगी घ्यायचा नाही.

हा बेरीखबाबा म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रकरण. खबारच्या याच काठावर यहेज्केल संदेष्ट्याला आभाळ फाटून देवाचा रथ दिसला होता ना, त्या रथापर्यंत जायची वाट बेरीखला ठाऊक आहे, असं सगळं गाव मानायचं. तो उपास करायचा, कालव्यात बुड्या मारायचा, बाईच्या हातची भाकरी तोंडात घालायचा नाही, स्वतःच थापून स्वतःच भाजायचा आणि निम्मी करपवायचा. मग दोन गुडघ्यांत डोकं घालून देवदूत गातात ती गाणी पुटपुटत बसायचा. वरती सात महाल आहेत, दर महालाच्या दारात राखणदार आहेत, त्यांना बरोबर नाव आणि बरोबर शिक्का दाखवला नाही तर ते माणसाला जाळून टाकतात. गंमत म्हणजे ही बाबामंडळी वर चढण्याला 'रथाकडे उतरणं' म्हणतात. का म्हणतात, ते त्यांनाच माहीत.

त्या उतरण्याचा सामान्य माणसाला काय उपयोग? उपयोग वाडग्यांचा. तिथली नावं बेरीख इथे वाडग्यात लिहायचा, तळापासून काठापर्यंत गोल गोल. मग ते वाडगं उंबऱ्याखाली उपडं पुरायचं, की घरात शिरणारी भुतंखेतं त्याच्या पोटात अडकलीच. बाळंतिणीच्या जिवावर उठणारी लिलिथ हडळ असली, तर बायकोला देतात तशी तिला रीतसर सोडचिठ्ठी लिहून द्यायची. आमचे यहुदी लोक तर घ्यायचेच, पण अग्नी पुजणाऱ्या इराण्यांच्या बायका, क्रूसवाले, सगळे बेरीखच्या दारात. देव ज्याचा त्याचा, पण हडळ सगळ्यांची एकच.

वाडग्यात माणसाचं नाव घालायचं ते आईच्या नावानं. अमका, अमकीचा मुलगा. बापाचं नाव तिथे चालत नाही. "बाप कोण हे आई सांगेल ते," बेरीख म्हणायचा, "वरती खात्रीचा माल लागतो."

तर अशी ही कोमिश. संसार चांगला चालला होता, फक्त पाळणा हलत नव्हता. दहा वर्षं झाली तेव्हा सभास्थानातले वडीलधारे अफराला म्हणाले, "अरे, वंश चालवणं देवाची आज्ञा आहे, दुसरी कर." अफरा भिडस्त माणूस, बायकोला भिऊन आणखी पुष्कळ वर्षं काढली त्यानं. शेवटी वडीलधाऱ्यांनीच मुलगी ठरवली. झबिंता.

झबिंता म्हणजे विकत घेतलेली. नावच तसं पडलं होतं पोरीला. सरहद्दीवरच्या लढाईनंतर शिपायांनी गुलामांचा तांडा बाजारात आणला, त्यात ही एवढीशी, आपल्या लोकांची प्रार्थना पुटपुटत उभी. सभास्थानानं वर्गणी काढून सोडवली आणि झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याकडे ठेवली. कुठलं गाव, कोण आईबाप, कुणाला पत्ता नाही. तिलाही नाही.

ती घरात आली त्या दिवशी कोमिशनं एवढंच विचारलं, "भाकरी थापता येते का?"

"येते, ताई."

"बघू." आणि भाकरी बघून म्हणाली, "ही भाकरी म्हणायची की चपलेचा तळ?"

झालं, सुरुवात झाली. अफरानं झबिंताच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढला, की कोमिशच्या अंगाचा तिळपापड. तो तिच्याकडे बघून हसला, तर ही मातीचा गोळा असा आपटायची की आळीभर आवाज. एकदा त्यानं बाजारातून दोघींना सारखेच रुमाल आणले. कोमिशनं दोन्ही उजेडात धरून धागे तपासले आणि म्हणाली, "तिचा दाट विणीचा आहे." रुमाल बदलून दिला, तर म्हणाली, "आता हाच विरळ वाटतोय." अफरानं कपाळाला हात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात झबिंताला ताप भरला. उठता येईना, पाणी गिळेना. आता खरं तर कोमिशला उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण ती घाबरली. सवत मेली तर आळी काय म्हणणार? थोरलीनंच काहीतरी घातलं पोटात, हेच ना! तेव्हा बाईनं चाक सोडलं, माती सोडली आणि सवतीच्या उशाशी बसली. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, डाळिंबाचा रस चमच्याचमच्यानं घातला, डोक्यातल्या उवासुद्धा काढल्या, आणि सगळा वेळ तिच्या कानाशी पुटपुटत राहिली, "मरायचं नाही. ऐकतेयस ना? माझ्या गळ्याला फास लावून मरायचं नाही, सांगून ठेवते." झबिंता जगली. कोमिशनं लगेच तिला भांडी घासायला लावली.

आणि मग झबिंताला दिवस गेले.

अफरा वेडाच झाला. खजूर काय, अंजिरं काय, कालव्यावरून पाणीसुद्धा स्वतः आणायला लागला. इतक्या वर्षांत कोमिशची घागर त्यानं कधी उचलली नव्हती. कोमिश आव्यापाशी बसून हे बघायची आणि आतल्या आत पेटायची. रडूही यायचं, पण ते ती धुरावर ढकलायची. तिला स्पष्ट दिसत होतं पुढचं. मुलगा होणार, घर धाकटीचं होणार, आणि आपण कोपऱ्यात पडलेल्या फुटक्या रांजणासारख्या, टाकवत नाही म्हणून ठेवलेल्या. या घराच्या भिंती तिनं स्वतः सारवून उभ्या केल्या होत्या. ते घर हातचं जाणार, हा विचार तिला घास गिळू देईना.

एक दिवस वाडग्यांची पाटी घेऊन ती बेरीखकडे गेली. तो ओसरीवर करपलेली भाकरी चावत बसला होता.

"बाबा, एक लिहायचंय."

"कुणावर?"

"आमच्या घरात एक अवदसा शिरलीय. नवऱ्याला झपाटलंय तिनं. लिलिथला देता ना सोडचिठ्ठी, तशी हिला द्यायची."

बेरीखनं चावणं थांबवलं. "या अवदसेला दोन पाय आहेत का गं?"

कोमिश पाटीतली वाडगी नीट लावायला लागली.

"आणि पोट पुढे आलंय का?"

"तुम्हाला लिहायचंय की नाही?"

"कोमिश, ही पोटुशी बाई आहे, हडळ नाही."

"तुम्हाला काय कळणार बाबा! तुमच्या घरात तुमच्याच हातची भाकरी. दुसरीच्या हातची भाकरी आपल्या नवऱ्याला गोड लागताना बघितलीय कधी?"

बेरीखला हसू आलं असावं, पण त्यानं दाढीत दडवलं. वाद घालून ही बाई टळणार नाही हे तो ओळखून होता. म्हणाला, "बरं. तिच्या आईचं नाव आण. आईचं नाव नसेल तर राखणदार विचारतील, ही कोण? मी काय सांगू? नाव आण, मग बघू." आणि निर्धास्तपणे उरलेली भाकरी खायला लागला, कारण ते नाव जगात कुणाकडेच नव्हतं.

कोमिश घरी आली ती तिळाच्या तेलाची वाटी घेऊनच. "ये गं, डोकं चोळून देते." झबिंता बिचकली, पण बसली. तेल मुरवता मुरवता कोमिश गोड आवाजात म्हणाली, "तुझी आई चोळून देत असेल ना असं? काय बरं नाव तिचं?"

"आठवत नाही, ताई."

"अगं, काहीतरी आठवत असेल. शेजारणी काय हाक मारायच्या?"

"वेणी घालताना काहीतरी गुणगुणायची. तेवढंच आठवतं." झबिंता म्हणाली. "तिचा चेहरा आणायला गेले, की आता तुमचाच येतो. तापात बघितलेला."

कोमिशनं वेणी अशी करकचून बांधली की पोरगी कळवळली. मेलेल्या, नाव नसलेल्या त्या बाईचासुद्धा तिला हेवा वाटला. निदान तिला गुणगुणायला कुणी होतं!

मग तिनं ठरवलं, बेरीख गेला खड्ड्यात. आयुष्यभर वाडगी केली, त्यातले बोल ऐकून ऐकून तोंडपाठ झाले, आता आपलं आपणच करायचं. अक्षर येत नव्हतं तिला. पण आमच्याकडे अडाणी माणसंसुद्धा नुसत्या रेघोट्या ओढून वाडगी करतात आणि वरून बोल म्हणतात. बोल खरा असला की शाईला काय विचारायचं, असं मानतात लोक. अफरा बाजारात गेला, म्हणून त्या दिवशी पाण्याला झबिंताच घागर घेऊन कालव्याकडे निघाली, तशी कोमिशनं उंबऱ्याखालची माती उकरली. वाडग्यात काजळीनं गोल रेघोट्या ओढल्या आणि मोठ्यानं म्हटलं, "झबिंता, तुला सोडचिठ्ठी! अफराच्या घरातून तू बाहेर. या छपराखाली तुझा जीव धरू नये. तू बाहेर, आणि तुझ्यासारखी अवदसा जिच्या पोटी आली ती तुझी आई, जी कोण असेल ती, तीही तुझ्याबरोबर बाहेर!"

आईला काय म्हणून शिव्या? तर त्या दिवशी कोमिशला कुणालाच सोडायचं नव्हतं. वाडगं उपडं घातलं, माती लोटली, वर पाय आपटून घट्ट केली. रात्री तिला छान झोप लागली.

पुढे दिवस भरले. सकाळपासून झबिंताला कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत सुटका होईना. सुईणीनं मान हलवली, "मूल आडवं दिसतंय. बेरीखला बोलवा." अफरा धावत जाऊन त्याला घेऊन आला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, म्हणून बेरीख दाराबाहेर पाठमोरा बसला. मांडीवर कोमिशच्याच हातचं नवं कोरं वाडगं, दौतीत बोरू बुडवलेला.

"मुली," त्यानं आत हाक दिली, "नाव सांग. खरं सांग. वाडग्यात एक आणि मनात दुसरं असलं तर वरती दार उघडत नाही."

"झबिंता," आतून धापा टाकत आवाज आला.

"कुणाची मुलगी?"

कोमिश पाण्याचं घंगाळं घेऊन दारातच उभी होती. तिचे कान टवकारले. आता बोलेल! जीव जायची वेळ आलीय, आता कुठे लपवेल? इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं नाव आता बाहेर पडेल.

झबिंतानं एक कळ सोसली, आणि म्हणाली, "कोमिशची. झबिंता, कोमिशची मुलगी."

घंगाळं कोमिशच्या हातातून निसटलं. पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं.

बेरीखनं बोरू उचलून धरला, टेकवला नाही. "कोमिश, इकडे ये." ती यंत्रासारखी गेली. तो हळूच म्हणाला, "मानलेली आई चालते. पण तिनं 'हो' म्हणावं लागतं. म्हणतेस?" मग तिचा चेहरा बघून विचारलं, "काय केलंयस तू?"

तिनं उंबऱ्याकडे बोट केलं आणि सगळे बोल, शब्दन् शब्द, पुन्हा म्हणून दाखवले. बेरीख पांढराफटक पडला.

"'ती आई, जी कोण असेल ती'? असं म्हणालीस?"

"म्हणाले."

"म्हणजे मी हे नाव लिहिलं, की तुझ्या त्या वाडग्यातली रिकामी जागा भरली. तीही बाहेर, तूही बाहेर."

"उकरून फोडते आत्ता!"

"खबरदार! फोडलंस तर तुझा सगळा राग मोकळा सुटेल, आणि आत बाई अडलेली. एकच वाट आहे. बोल काय मागतो? या छपराखालून बाहेर. तर तिला घेऊन बाहेर पडायचं, आणि परत या छपराखाली यायचं नाही, दोघींनी. मग बोलाचं पोट भरलं." तो थांबला. "नाहीतर म्हण, ही माझी कुणी नाही. मग मी आईविना लिहितो. कुणी दार उघडलं तर उघडलं. घर तुझं तुझ्याकडे राहील."

आत झबिंता ओरडली. तो आवाज ऐकून अफरा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा कोमिशच्या मनात पहिलं आलं ते हेच, माझ्यासाठी असा रडला असता का हा मेला? तिनं घराकडे एकदा बघितलं. सारवलेल्या भिंती, तिचा तंदूर, तिच्या हातच्या रांजणांची ओळ. हे सगळं सोडायचं, आणि कुणासाठी? तर सवतीसाठी!

"काय लिहू?" बेरीखनं विचारलं.

"लिहा हो! विचारताय काय सारखं? माझी पोर आहे. लिहा, कोमिशची मुलगी."

ती तशीच आत शिरली, झबिंताच्या काखेत हात घातला आणि तिला उठवलं. सुईण ओरडली, अफरा आडवा आला, "अगं, कुठे नेतेस तिला अशी?"

"व्हा बाजूला! आणलंत तेव्हा मला विचारलं होतंत? मग नेताना मी तुम्हाला नाही विचारणार."

आव्याशेजारी वाडगी वाळवायची झोपडी होती, तिच्यावर घराचं छप्पर येत नव्हतं. तिथे गवतावर तिला टेकवलं. उभं चालवल्यानं म्हणा, की वाडग्यानं म्हणा, मूल फिरलं. सुईण म्हणाली चालवल्यानं, बेरीख म्हणाला वाडग्यानं, आणि त्यावरून आळीत अजून वाद आहे. ऊन कलायच्या आत पोर जन्मली. मुलगी. वंशाची वाट बघणाऱ्या वडीलधाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असेल.

सुईण नाळ पुरायला गेली. अफरा बाहेर येरझाऱ्या घालत होता. झोपडीत दोघीच राहिल्या, आणि ती ओली, लालबुंद, किंचाळणारी पोर.

कोमिश कोरड्या मातीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाचा हेवा वाटत नव्हता. तिला कुणी आई म्हटलं होतं, मरणाच्या दारात म्हटलं होतं. तिचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. शेवटी तिला राहवेना.

"ऐक, तुला एक सांगायचंय. मी तुझ्या वाईटावर होते. तुझ्या नावानं वाडगं पुरलं होतं मी, उंबऱ्याखाली."

"ठाऊक आहे," झबिंता डोळे मिटूनच म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"घागरीखालची चुंबळ विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले होते. दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. 'ती तुझी आई, जी कोण असेल ती.'"

"म्हणजे... म्हणून माझं नाव घातलंस? तुझ्या गळ्यातला फास माझ्याही गळ्यात यावा म्हणून?"

"हो."

घटकाभर कोमिश आई झाली होती, घटकाभरच, आणि तेही फसवून! आता कुठल्या तोंडानं रडायचं, कुणावर जळायचं, तिला कळेना.

झबिंतानं डोळे उघडले. "मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हणाला असतात, तर बाबांनी का म्हणून विचारलं असतं, आणि सगळ्या आळीला कळलं असतं तुम्ही काय पुरलंय ते. मी मेले तरी तुम्हाला सुखानं राहू द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. हो म्हणाल असं वाटलंच नव्हतं." मग तिनं पोरीला छातीशी घेतलं. "आणि तसंही, दुसरं कुणाचं नाव होतं माझ्याकडे?"

कोमिशनं तिच्याकडे बघितलं. तो निगरगट्ट चेहरा, ती आवळलेली जिवणी, तो पोटात धरून ठेवलेला डाव. मग तिनं नाक ओढलं, सरकत जवळ आली आणि झबिंताच्या कपाळावरचे घामेजले केस मागे सारले.

"अगदी माझ्यावर गेलीस, मेले," ती म्हणाली.